पोट सुटलंय, लिव्हरवर चरबी आहे. आता तेल कोणतं खायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुरुष, वय 42, उंची 165 सेंमी, वजन 87 किलो, कंबर 106 सेंमी. उपाशीपोटी साखर 108, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118. सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) 64. दारू नाही. घरात चार माणसं. महिन्याला सूर्यफुलाच्या रिफाइंड तेलाचा पाच लिटरचा डबा, गावाहून येणारं अर्धा किलो तूप, रोज एक लिटर म्हशीचं दूध. सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजीचा डबा, संध्याकाळी घरी आल्यावर चहाबरोबर फरसाण. एक जण सांगतो रिफाइंड तेल म्हणजे विष, घाण्याचं आणा. दुसरा म्हणतो सगळा स्वयंपाक तुपात नाहीतर खोबरेल तेलात करा. एका मित्राने सकाळी लोणी घातलेली कॉफी सुचवलीय. डॉक्टर म्हणाले, "तेलकट बंद करा." तर नेमकं कुणाचं ऐकायचं, आणि तेल बदलून लिव्हर सुधारेल का?

मी आहारतज्ज्ञ आहे, स्थूलता आणि मधुमेहाच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम करते. आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. तुमच्या डब्यातलं सूर्यफुलाचं तेल जास्त आहे, पण वाईट नाही. हलक्या प्रतीची चरबी तुमच्या घरात येते ती खारीच्या पिशवीतून, फरसाणाच्या पुड्यातून आणि दुधाच्या पातेल्यातून. नुसतं तेल बदललंत आणि हे तिन्ही तसंच ठेवलंत, तर तीन महिन्यांनी रिपोर्ट जवळपास हाच येईल. सगळा स्वयंपाक तुपात किंवा खोबरेल तेलात सुरू केलात, तर आणखी बिघडेल.

हिशेब मांडून दाखवते, कारण याशिवाय तेलाची चर्चा हवेतच राहते. पाच लिटर तेल म्हणजे साडेचार किलोच्या थोडं वर. चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज 38 ग्रॅम. एका ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर 340 कॅलरी नुसत्या फोडणी-तळणातून. पण सूर्यफुलाच्या तेलात संपृक्त चरबी, म्हणजे पाकिटावर 'सॅच्युरेटेड फॅट' लिहिलेली असते ती, जेमतेम 11 टक्के. म्हणजे 38 ग्रॅममध्ये फार तर 4 ग्रॅम.

आता तूप. अर्धा किलो भागिले 120, म्हणजे माणशी 4 ग्रॅम, चमचाभरही नाही. त्यातली संपृक्त चरबी अडीच ग्रॅम. वरणभातावरच्या तुपाच्या धारेवरून घरात जी भांडणं होतात ती या अडीच ग्रॅमवरून होतात.

दूध बघा. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के फॅट असतं. लिटरभर दुधाची चार वाटण्यांत विभागणी केली तर माणशी 16-17 ग्रॅम चरबी, त्यातली 10 ग्रॅम संपृक्त. साय काढून तूप करत असाल तर आकडा थोडा सरकेल, पण तुम्ही तूप गावाहून आणता, म्हणजे साय बहुधा पोटातच जाते. खारी: 50 ग्रॅममध्ये 13-14 ग्रॅम चरबी, पामची किंवा वनस्पतीची, निम्मी संपृक्त, म्हणजे 7 ग्रॅम. फरसाण: एक मोठी मूठ 50 ग्रॅमची धरली तर 18 ग्रॅमच्या आसपास तेल. बहुतेक ठिकाणी ते पामोलिन असतं, म्हणजे आणखी 7-8 ग्रॅम संपृक्त.

बेरीज 31 ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्के अशी आहे. वजन उतरवण्यासाठी तुम्हाला रोजच्या 1800 कॅलरी धरल्या तर ही मर्यादा 20 ग्रॅम. त्या 31 पैकी 25 ग्रॅम दूध, खारी आणि फरसाणाचे आहेत. आता त्या दुसऱ्याच्या सल्ल्याप्रमाणे तेच 38 ग्रॅम तेल खोबरेल करा. खोबरेल तेल जवळपास 90 टक्के संपृक्त असतं. एका फटक्यात 34 ग्रॅम फक्त स्वयंपाकातून, बाकीचे 27 वेगळेच.

संपृक्त चरबीचा एवढा बाऊ का, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी स्थूलतेत शरीरात काय बिघडतं ते थोडं बघावं लागेल. चरबी साठणं हा मुळात आजार नाही. कातडीखालच्या चरबीपेशी ही शरीराची कणगी आहे. ती भरून ओसंडायला लागली की माल ओटीवर, माजघरात, मिळेल तिथे पडतो. शरीरात ही 'मिळेल तिथे'ची जागा म्हणजे यकृत, स्नायू, स्वादुपिंड आणि आतड्यांभोवतीचं पोट. कुणाची कणगी मोठी असते, तो 100 किलोचा होऊनही रिपोर्ट बरे राहतात. आपल्याकडे ती अनेकांची लहानच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा बीएमआय 25 ला आखतात आणि पुरुषांच्या कंबरेची 90 सेंमीला. तुमचा बीएमआय 32, कंबर 106. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या, म्हणजे मधुमेह-हृदयविकाराकडे नेणाऱ्या एकत्रित बिघाडाच्या, पाच खुणांपैकी कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि साखर या चार तुमच्यात आहेत, आणि तीन पुरतात. रक्तदाब तुम्ही लिहिलेला नाही, तो मोजून घ्या.

यकृतातली चरबी येते कुठून, याचा माग 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात लावला होता. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत सुमारे 59 टक्के चरबी शरीरातल्या चरबीपेशींतून सुटून आलेली होती, 26 टक्के यकृताने साखर-पिठापासून स्वतः तयार केलेली आणि 15 टक्के थेट जेवणातली. "तेलकट बंद करा" हा सल्ला अपुरा पडतो तो इथे. तेल सोडलं आणि भाताचा दुसरा डाव वाढला, किंवा फरसाणाऐवजी मारी बिस्किटं आली, तर 26 टक्क्यांचा कारखाना जोरात चालू राहतो. तुमचं 240 ट्रायग्लिसराइड हे मुख्यतः त्या कारखान्याचं उत्पादन आहे. भारतीयांच्या ताटात सरासरी 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत दिसलंय, आणि त्यात पॉलिश केलेला तांदूळ, दळलेली पिठं आणि साखर यांचा वाटा मोठा आहे.

मग चरबीच्या प्रतीचा संबंध कुठे येतो? स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठात 2014 मध्ये एक सुरेख प्रयोग झाला. 39 तरुण, सडपातळ माणसांना सात आठवडे मफिन खाऊ घातले. निम्म्यांचे पाम तेलातले, निम्म्यांचे सूर्यफुलाच्या तेलातले, बाकी सगळं सारखं. दोन्ही गटांचं वजन सारखंच, दीड किलोच्या थोडं वर वाढलं. पण पामवाल्यांच्या यकृतात आणि पोटात चरबी कितीतरी जास्त साठली, आणि सूर्यफूलवाल्यांच्या वाढलेल्या वजनात स्नायूंचा वाटा जास्त निघाला. कॅलरी तेवढ्याच, काट्यावर फरक नाही, तरी माल पडला वेगवेगळ्या जागी.

ही माणसं सडपातळ होती, तुमच्यासारखी नव्हती, अशी शंका कुणी काढेल. त्याच गटाने 2012 मध्ये पोट सुटलेल्या 67 जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला होता: एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला सूर्यफुलासारखी ओमेगा-6 ची तेलं. वजन फारसं हललं नाही, पण तेलवाल्यांच्या यकृतातली चरबी लोणीवाल्यांपेक्षा कमी झाली. आणि 2018 चा हेलसिंकीचा प्रयोग तर मी प्रत्येक 'लोणी-कॉफी'वाल्याला सांगते. वजन जास्त असलेल्या 38 जणांना तीन आठवडे रोज 1000 कॅलरी जादा दिल्या. एका गटाला खोबरेल तेल, लोणी आणि चीजमधून, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल आणि सुक्या मेव्यातून, तिसऱ्याला साखरेतून. यकृतातली चरबी पहिल्या गटात 55 टक्क्यांनी वाढली, साखरवाल्यांत 33 आणि दुसऱ्या गटात 15. संपृक्त चरबीवाल्यांच्या रक्तात सिरॅमाइड नावाचे रेणूही वाढले. हे रेणू पेशीला इन्सुलिनचा निरोप पोचू देत नाहीत.

पण तेल बदलण्याने सगळं साधतं असा अर्थ यातून काढू नका. शंभराहून अधिक नियंत्रित प्रयोगांचं एक एकत्रित विश्लेषण 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. ऊर्जेचा 5 टक्के हिस्सा संपृक्त चरबीकडून किंवा कर्बोदकांकडून काढून असंपृक्त चरबीला (बहुतेक तेलांत आणि दाण्यांत असते ती) दिला, तर एचबीए1सी साधारण 0.1 ने उतरतं. तुमचं 6.1 चं 6.0 होईल. खरा फरक आहे, पण तेवढाच. सात ते दहा टक्के वजन उतरलं, तुमच्या बाबतीत सहा ते नऊ किलो, तर यकृताला जो आराम मिळतो त्याच्याशी याची बरोबरी होत नाही. वजन उतरवण्याच्या वाटेवर ताटात जी चरबी राहणार आहे ती कोणती असावी, एवढ्यापुरता तेलाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि वजन दोन-चार किलो उतरून थबकतं, बऱ्याच जणांचं थबकतं, तेव्हा हाच फरक कामाला येतो.

आता एकेका तेलाकडे, आणि इथे मी फार रेंगाळणार नाही. शेंगदाणा, तीळ, राइस ब्रान, सूर्यफूल, करडई, सोयाबीन, मोहरी: यांपैकी घरात जे रुचतं ते. शेंगदाण्याच्या तेलात एकल असंपृक्त चरबी निम्म्याच्या आसपास, संपृक्त 17-20 टक्के. तापायला ते सूर्यफुलापेक्षा टिकाऊ, म्हणून तळणाला बरं. करडई आणि सूर्यफुलात ओमेगा-6 भरपूर. दोन तेलं आलटून पालटून वापरलीत तर उत्तम, पण त्यासाठी स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटायला नको. दिल्लीत फॅटी लिव्हर असलेल्या 93 पुरुषांवर सहा महिन्यांचा एक अभ्यास झाला. रोज 20 ग्रॅमच्या आत तेल, एका गटाला ऑलिव्ह, दुसऱ्याला कॅनोला, तिसऱ्याला सोयाबीन-करडई. ऑलिव्ह आणि कॅनोलाच्या गटात यकृत जास्त सुधारलं. ऑलिव्ह परवडत असेल तर जरूर आणा, कोशिंबिरीवर कच्चं घाला, मंद आचेच्या फोडणीलाही चालतं. शेंगदाण्याच्या तेलाला हा निकाल आपोआप लागू होत नाही. पण 20 ग्रॅमची अट मात्र तिन्ही गटांना होती, आणि जाहिरातीत ती कुणी सांगत नाही.

घाण्याचं की रिफाइंड? घाण्याच्या तेलात वास, चव आणि ई जीवनसत्त्वासारखे काही घटक जास्त टिकतात. चरबीची जात मात्र तीच. घाण्यावर काढलेलं तेल मोजून घालायचं नसतं असा एक समज लोकांत आहे. मग पाच लिटरचं सहा होतं. शेंगदाणे बुरशी लागलेले असतील तर घाण्याच्या तेलात अफ्लाटॉक्सिन उतरू शकतं, म्हणून दाणे कसे निवडतात हे ज्याच्याकडे डोळ्यांनी बघता येईल तिथूनच घ्या. त्याची चव आवडते म्हणून घेत असाल तर खुशाल घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

'बियांची तेलं सूज वाढवतात' हा दावा गेल्या काही वर्षांत फार फिरतोय. युक्तिवाद असा की ओमेगा-6 पासून शरीरात सूज आणणारे रेणू बनतात. कागदावर बरोबर. पण माणसांना प्रत्यक्ष लिनोलिक आम्ल (या तेलांतलं मुख्य ओमेगा-6) जास्त देऊन पाहिलेल्या प्रयोगांत रक्तातली सूजेची मोजमापं वाढलेली दिसत नाहीत. जवळपास 40 हजार लोकांच्या वीस अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, ज्यांच्या रक्तात लिनोलिक आम्ल सर्वांत जास्त होतं त्यांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के कमी निघाला. विरोधी पुरावाही सांगायला हवा. सिडनीत 1966 ते 1973 दरम्यान हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना करडईचं तेल आणि त्याचं मार्जरिन (तेलापासून बनवलेला लोण्यासारखा पदार्थ) दिलं, तर त्या गटात मृत्यू जास्त झाले. त्या काळच्या मार्जरिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना बनणारी घातक चरबी) किती होतं यावर वाद आहे, आणि मला वाटतं दोष बराचसा तिकडे जातो. तरीसुद्धा फक्त करडई, तीही ढीगभर आणि सोबत ओमेगा-3 काहीच नाही, असं मी कुणालाही सुचवत नाही.

ओमेगा-3 आपल्या ताटात खरोखरच कमी पडतं. शाकाहारी असाल तर मराठवाडा-विदर्भातली जवसाची चटणी हा घरातलाच उपाय आहे. जवस भाजून कुटलेलाच हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. रोज एक मोठा चमचा. अक्रोड तेच काम महागात करतो. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा. सुरमई-पापलेटच्या मानाने स्वस्त आणि या बाबतीत सरस. फक्त तारली रवा लावून तेलात तळली की मिळवलेलं बरंचसं तिथेच गेलं. कालवण करा, तिखलं करा, तव्यावर चमचाभर तेलात शेका. जवसातल्या ओमेगा-3 चं माशातल्या ओमेगा-3 मध्ये रूपांतर शरीर फार थोडं करतं, म्हणून दोन्हींना एका मापाने मोजू नका.

तूप आणि नारळाबद्दल मला रोज विचारतात. दिवसाला एक चमचा तूप खा, वरणभातावरच खा, आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका. स्वयंपाकाचं तेल म्हणून तूप नको. कोकणात, गोव्यात आमटी-भाजीत ओलं खोबरं पडतं तेव्हा त्याबरोबर चोथा, पाणी आणि मासळी येते, आणि मूठभर खवलेलं खोबरं चार जणांत वाटलं जातं. त्याला माझी हरकत नाही. खोबरेल तेलाची धार ही वेगळी गोष्ट, ती एलडीएल वाढवते. सुक्या खोबऱ्याच्या वाटणाकडे मात्र जरा लक्ष द्या: त्यात चरबी साधारण 65 टक्के. रविवारच्या मटणाच्या वाटणात अर्धी वाटी सुकं खोबरं, वर तर्रीचं तेल आणि मटणाची स्वतःची चरबी, असा तिहेरी योग असतो. वाटणात खोबरं निम्मं करून कांदा आणि भाजलेले तीळ वाढवा, चवीला कुणी नाव ठेवत नाही.

लोणी-कॉफीचा विचार सोडून द्या. भूक मरते हे खरं, कारण दोन मोठे चमचे लोणी म्हणजे 200 कॅलरी. त्यातून ना प्रथिनं मिळतात ना चोथा, 14-15 ग्रॅम संपृक्त चरबी मिळते.

तुमचं एलडीएल 118 आहे म्हणून निर्धास्त असाल, तर तेही नको. एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग मिळवला की तुमचं एकूण कोलेस्टेरॉल 202 येतं. त्यातून एचडीएल वजा केलं तर नॉन-एचडीएल 166. ते 130 च्या आत असावं अशी अपेक्षा असते. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसाचं एलडीएल अनेकदा साळसूद दिसतं, आणि धोका या दुसऱ्या आकड्यात असतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना हाच आकडा दाखवा. त्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुचवलं तर "मी तेल बदललंय" हे त्याचं उत्तर होत नाही.

आता घरात काय करायचं. दुधापासून सुरुवात करा, कारण तिथे कुणाला स्वयंपाकाची सवय बदलावी लागत नाही. म्हशीच्या दुधाऐवजी गाईचं साय काढलेलं किंवा टोन्ड दूध आणा. टोन्डमध्ये 3 टक्के फॅट असतं, डबल टोन्डमध्ये दीड. लिटरमागे चरबी निम्म्याहून कमी होते. पहिला आठवडा चहा पाणचट लागतो, अशी तक्रार प्रत्येक घरातून येते. चहापत्ती किंचित वाढवा आणि पाणी कमी करा. दही त्याच दुधाचं लावा. दही-ताकातली दुधाची चरबी लोण्याइतकी त्रासदायक दिसत नाही, म्हणून दही तोडायची गरज नाही.

खारी पूर्ण बंद. एखाद्या पदार्थावर इतकं सरसकट मी सहसा लिहीत नाही, पण खारीत मैदा आणि घट्ट चरबी यांचे थर एकावर एक असतात, मधे तिसरं काहीच नसतं. बेकरीतल्या सुट्या खारीवर लेबल नसतं. पाकिटबंद घेत असाल तर मागची यादी वाचा: 'खाद्य वनस्पती तेल' याच्यापुढे 'पाम' किंवा 'पामोलिन' लिहिलेलं सापडेल. जानेवारी 2022 पासून एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली, ही मोठी गोष्ट झाली. पण बिस्किट-खारीला खुसखुशीतपणा द्यायला घट्ट चरबी लागतेच, आणि ती जागा बहुतेक ठिकाणी पामने घेतली. 'झिरो ट्रान्स फॅट' असं पुढे मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी मागे सॅच्युरेटेडचा आकडा बघायचा.

फरसाणाच्या जागी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे. दाणे 30 ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ. त्यात 15 ग्रॅम चरबी असते, पण संपृक्त अडीच-तीन ग्रॅमच, आणि सोबत 7-8 ग्रॅम प्रथिनं. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर झालेल्या प्रेडिमेड अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा रोज 30 ग्रॅम सुका मेवा देऊन हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी उतरलेला दिसला. तिथे अक्रोड, बदाम, हेझलनट होते. आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत दाण्याचं कूट पडतंच, तेव्हा ज्या दिवशी कुटाची भाजी असेल त्या दिवशी संध्याकाळची मूठ अर्धी करा. बाहेरचं तळण टाळायला आणखी एक कारण आहे: तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल मोडून बनणारे खराब घटक, वाढतात. ती 25 टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यावं असा नियम 2018 पासून आहे. वडापावच्या कढईपाशी कुणी तो मोजत असेल असं मला वाटत नाही.

आणि तेल: पाच लिटरचं तीन. तीन लिटर म्हणजे माणशी रोज 23 ग्रॅम. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर आणा, घरातल्या सगळ्यांना सांगा की यात महिना काढायचाय. पळीने ओतणं बंद करून चहाच्या चमच्याने मोजा. चार जणांच्या भाजीला तीन चमचे पुरतात. कांदा चिकटायला लागला तर तेल नको, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. पोळीला लावायचं तेल हाच चमच्यांचा हिशेब बिघडवतो, त्याचा वेगळा वाटीभर कोटा ठेवा. महिन्यातून एकदा पुऱ्या किंवा भजी करायची असतील तर त्या तीन लिटरमधूनच करा, म्हणजे बाकीच्या आठवड्यांत आपोआप हात आखडतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती तुम्ही नसाल, तर हा हिशेब त्यांच्याबरोबर बसून करा. ताटावर बसून "आज तेल जास्त झालंय" म्हणणाऱ्या नवऱ्यांच्या घरात तेल कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं केल्यावर संपृक्त चरबी 31 वरून 12 ते 15 ग्रॅमवर येते, आणि चरबीतून येणाऱ्या कॅलरी दिवसाला तीनशेहून अधिक कमी होतात. खारीतला मैदा आणि फरसाणातलं पीठ गेलं ते वेगळंच. भात-पोळीला मी हात लावलेला नाही, तो वेगळा मोठा विषय आहे. एवढंच करा की रात्रीच्या जेवणात पोळ्या किंवा भात यांपैकी एकच काहीतरी, आणि त्या जागी उसळ किंवा घट्ट डाळ. चालणं, जोरबैठका, जे जमेल ते सुरू करा. स्नायू कामाला लागले की यकृताकडे जाणारा लोंढा कमी होतो.

डॉक्टरांकडून तीन गोष्टी करून घ्या. थायरॉइडची तपासणी, कारण ते मंद असेल तर ट्रायग्लिसराइड आणि यकृत दोन्ही बिघडतात. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढतात तो फिब-4 हा गुणांक, कारण सोनोग्राफीतला 'ग्रेड' चरबी किती ते सांगतो, यकृत कडक होतंय का ते सांगत नाही. आणि रक्तदाब. ट्रायग्लिसराइड कधी 500 च्या वर गेलं तर मी वर लिहिलेलं दाण्या-तेलाचं गणित लागू नाही. तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, सगळीच चरबी तात्पुरती खूप कमी करावी लागते आणि औषध लागतं.

पुन्हा तपासणी बारा आठवड्यांनी, त्याआधी नको. एचबीए1सी तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ट्रायग्लिसराइडसाठी 10-12 तास उपाशी राहा, आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर तपासणी चार दिवस पुढे ढकला. कंबर दर पंधरा दिवसांनी मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. पँटचा साइज हे कंबरेचं माप नव्हे, ती पोटाखाली घसरलेली असते. सर्वांत आधी ट्रायग्लिसराइड हलतं, मग कंबर, मग एसजीपीटी. एचडीएल शेवटी, आणि तेही थोडंच. बारा आठवड्यांनी कंबर तीन-चार सेंमीने उतरलेली असेल आणि वजन दोनच किलो, तर निराश होऊ नका, मार्ग बरोबर आहे. दोन्ही जागच्या जागी असतील तर तेलाच्या डब्यावर लिहिलेली तारीख बघा: तीन लिटर खरंच महिनाभर पुरलं होतं का, की वीस तारखेला एक पाऊच गुपचूप आला?